रॉटरडॅम बंदराची नदीवाहतूक : पुढचं गणित इंजिनावर कमी, पाण्यावर आणि नंबरावर जास्त

पिंपळगाव बसवंत : द्राक्ष हंगामात निफाड, दिंडोरी, चांदवडच्या पॅकहाऊसवर रॉटरडॅम हे नाव रोज कानावर पडतं. कंटेनर भरला, सील लागलं, गाडी कसारा घाट उतरून न्हावाशेवाला गेली की पुढचा मुक्काम रॉटरडॅम. नेदरलँड्समधलं हे युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर. भारतातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षाचा मोठा वाटा आधी इथं उतरतो, आणि त्यातला बराच पुढे जर्मनी व आजूबाजूच्या देशांत जातो. बंदरात माल उतरला की काम झालं, असा आपल्याकडे समज आहे. तिथल्या लोकांना विचारलं तर खरी डोकेदुखी उतरल्यानंतर सुरू होते. आलेला माल आत देशात न्यायचा कसा, हा तिथला सध्याचा मोठा प्रश्न आहे आणि त्याचं निम्मं उत्तर नदीत आहे.

नदीने माल जातो म्हणजे नक्की काय?

रॉटरडॅम बंदरात २०२४ मध्ये सुमारे ४३ कोटी ६० लाख टन मालाची उलाढाल झाली. कंटेनर वीस फुटी मापाने मोजले तर १ कोटी ३८ लाख. शहरापासून समुद्राच्या तोंडापर्यंत हे बंदर ४० किलोमीटर पसरलेलं आहे, म्हणजे साधारण नाशिक ते लासलगावच्या अलीकडेपर्यंत नुसते धक्के, टाक्या आणि क्रेन. वर्षाला ढोबळमानाने २८ हजार समुद्री जहाजं येतात. पण नदीतून येणारी-जाणारी जहाजं त्याच्या तिप्पट, नव्वद हजारांच्या आसपास.

ही नदीजहाजं म्हणजे लांब, चपटे बार्ज. नेहमीच्या मापाचं एक जहाज ११० मीटर लांब, साडेअकरा मीटर रुंद. त्यात तीन हजार टन खनिज किंवा दोनशेच्या आसपास वीस फुटी कंटेनर बसतात. चाळीस फुटी पेटी एका ट्रेलरवर एकच जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे एक जहाज भरलं की शंभर ट्रेलर रस्त्यावरून कमी झाले. कोळसा आणि लोहखनिजासाठी तर एका ढकलबोटीपुढे सहा बार्ज बांधून नेतात, एका खेपेत सोळा हजार टनांच्या घरात माल.

हे ज्या नदीमुळे जमतं ती ऱ्हाईन. स्वित्झर्लंडच्या आल्प्स डोंगरात उगम, मग बाझेल, स्ट्रासबर्ग, मानहाइम, कोलोन, डुइसबर्ग असं करत ती नेदरलँड्समध्ये शिरते. तिथं तिचा मुख्य फाटा वाल या नावाने रॉटरडॅमच्या बाजूला येतो. रॉटरडॅम शहर ते डुइसबर्ग पाण्याने सव्वादोनशे किलोमीटर. डुइसबर्ग हे जगातलं सगळ्यात मोठं नदीबंदर मानलं जातं. बाझेल आठशे किलोमीटरच्याही पुढे, आणि तिथपर्यंत जहाज जातं. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, तरी त्यांचा बराच माल जहाजाने घरापर्यंत येतो तो असा.

ही नदी सगळ्यांना खुली आहे, याला जुना करार आहे. ऱ्हाईनच्या जहाजवाहतुकीचा मध्यवर्ती आयोग १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ठरला आणि १८६८ च्या मानहाइम करारात नदीवर कुणी टोल लावायचा नाही हे पक्कं झालं. त्याआधी काठावरचा प्रत्येक राजा-सरदार साखळी आडवी टाकून जकात घ्यायचा. आयोगाचं कार्यालय आज स्ट्रासबर्गला आहे.

आपल्याकडे तुलना करायची तर न्हावाशेवाच्या पाठीमागे अशी नदीच नाही. सगळा माल रस्त्याने नाहीतर रेल्वेने. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यातला क्रमांक १० रायगडमधली अंबा नदी. धरमतर खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यापर्यंत कोळसा आणि खनिजाचे बार्ज जातात. पण ते खाडीचं पाणी, भरती-ओहोटीवर चालणारं. ऱ्हाईनसारखं आठशे किलोमीटर आत जाण्याची गोष्ट वेगळी.

२०३५ चं लक्ष्य

रॉटरडॅमने समुद्रात भराव टाकून मासव्लाक्टे नावाची जमीन तयार केली. तिचा दुसरा टप्पा २००८ ते २०१३ या काळात झाला. नवीन कंटेनर धक्के तिथं आले. पण परवानगी देतानाच एक अट पुढे आली : एवढे कंटेनर रस्त्यावर सोडले तर महामार्ग बंद पडेल. तेव्हा निम्म्याच्या जवळपास कंटेनर ट्रकने जात होते. मग असं ठरलं, की २०३५ पर्यंत इथून आत जाणाऱ्या कंटेनरपैकी ४५ टक्के नदीने, २० टक्के रेल्वेने आणि ट्रकने फार तर ३५ टक्के जावेत. रेल्वेसाठी २००७ मध्ये बेटुवे नावाचा १६० किलोमीटरचा फक्त मालगाड्यांचा मार्गही सुरू झाला.

रेल्वेचं रूळ टाकल्यावर काम झालं. नदीचं तसं नाही. नदी फुकट मिळाली आहे, पण तिच्यावर हुकूम चालत नाही.

कौबची पट्टी

मध्य ऱ्हाईनवर, माइन्झ आणि कोब्लेंझ यांच्या मधल्या अरुंद दरीत कौब नावाचं छोटं गाव आहे. नदीतला खडक तिथं वर आहे, पाणी उथळ आहे. तिथं पाणी मोजायची पट्टी आहे आणि अख्ख्या ऱ्हाईनचे व्यापारी सकाळी उठून तो आकडा बघतात. आपल्याकडे कांद्याचा लासलगावचा भाव बघतात तसंच.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पट्टीवर २५ सेंटिमीटर दाखवलं म्हणजे नदीत वीतभर पाणी आहे असं नाही. पट्टीचा शून्य तळाच्या वर आहे. पट्टीवर ७८ च्या आसपास आकडा असतो तेव्हा जहाजांच्या वाटेत १ मीटर ९० सेंटिमीटर खोली मिळते. २५ असेल तर साधारण १ मीटर ४०. पूर्ण भरलेलं मोठं जहाज मात्र साडेतीन मीटर पाण्यात बुडतं. मग करायचं काय? कमी भरायचं. जहाज तेच, माणसं तीच, डिझेल जवळपास तेवढंच आणि माल चौथा हिस्सा.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कौबची पट्टी २५ सेंटिमीटरपर्यंत खाली आली, आजवरची नीचांकी. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कारखान्याला (द्राक्षवाल्यांना हे नाव औषधांच्या डब्यावरून माहीत असेल) कच्चा माल पुरेना. कंपनीने त्या वर्षीचं नुकसान सुमारे २५ कोटी युरो सांगितलं. चार वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये पट्टी पुन्हा तिशीच्या आसपास आली. जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरताना लोबिथला ऱ्हाईनचा सरासरी विसर्ग ७८ हजार क्युसेकच्या जवळ असतो. त्या ऑगस्टमध्ये तो २४ हजारांपर्यंत आला. नांदूरमध्यमेश्वरच्या विसर्गाचे आकडे दर पावसाळ्यात वाचणाऱ्यांना यातला फरक वेगळा सांगायला नको. फक्त एवढं, की आपल्याकडे हे आकडे पुराचे असतात आणि तिकडे बारमाही नदीचे.

मग वरून पाणी का सोडत नाहीत? आपल्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, कारण इथं गंगापूर धरणातून आवर्तन सुटतं. ऱ्हाईनवर बाझेलपासून इफेत्सहाइमपर्यंत बंधारे आहेत, बंधाऱ्याला लॉक आहेत, तिथं पाणी धरून ठेवता येतं. इफेत्सहाइमच्या खाली मात्र समुद्रापर्यंत नदी मोकळी वाहते. एकही दार नाही. एरवी हाच मोठा फायदा, जहाज कुठं न थांबता जातं. पण दुष्काळात अडवून ठेवलेलं पाणी नाही, म्हणून सोडायलाही नाही.

ऱ्हाईनला उन्हाळ्यात आल्प्सवरच्या बर्फाचं पाणी मिळतं आणि हिवाळ्यात पावसाचं. बर्फ लवकर वितळू लागला, हिमनद्या आकसल्या, त्यामुळे उन्हाळा संपताना मिळणारा आधार कमी होत चालला आहे. उथळ पाण्याची वर्षं पूर्वीही होती. आता ती भाड्याच्या करारात धरली जातात. पट्टी ठरावीक आकड्याखाली गेली की जादा भाडं, आणखी खाली गेली की माल नेण्याचं बंधनच नाही, अशी कलमं करारात असतात.

याच्यावर दोन प्रकारचे उपाय चालू आहेत. जर्मन सरकारची योजना आहे की मध्य ऱ्हाईनवरचे उथळ टप्पे काढून वाटेची खोली १ मीटर ९० वरून २ मीटर १० करायची. वीस सेंटिमीटर! ऐकायला काहीच नाही. पण वीस सेंटिमीटर जास्त बुडायला मिळालं तर मोठं जहाज दोनशे टन माल जास्त घेतं. दुसरा उपाय जहाजाचा. बीएएसएफने २०२३ मध्ये कमी पाण्यात चालणारं खास जहाज आणलं, १३५ मीटर लांब आणि साडेसतरा मीटर रुंद. कौबला पट्टी ३० वर असली तरी ते ६५० टन नेऊ शकतं. रुंद पाट पाण्यावर तरंगतो, उभी फळी बुडते, साधं तत्त्व. पण असं जहाज बांधायला पैसा लागतो आणि तो मोठ्या कंपनीकडे असतो.

एक खुलासा. रॉटरडॅमहून डुइसबर्गला जाणारा माल कौबच्या खूप आधीच उतरतो, म्हणून कौब आटलं की सगळंच थांबतं असं नाही. खालच्या टप्प्यात पाणी बरंच जास्त असतं. पण २०२२ मध्ये तिथंही जहाजं अर्धवट भरूनच चालली.

धक्क्यावर नंबर

पाण्याची अडचण वर्षातून काही आठवडे. दुसरी अडचण बारमाही आहे.

साखर कारखान्याच्या यार्डात ऊस घेऊन उभं राहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळेल. नदीजहाज मासव्लाक्टेला पोचतं तेव्हा त्याला पेट्या एकाच धक्क्यावर मिळत नाहीत. पाच इथं, बारा तिथं, आठ तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी वेगळा नंबर. एका ठिकाणी उशीर झाला की पुढचे सगळे नंबर गेले. आणि धक्क्यावरची मोठी क्रेन आधी समुद्री जहाजाला. चोवीस हजार पेट्यांचं जहाज उभं असताना वीस पेट्यांच्या बार्जला कोण विचारतो?

याचं कारण नुसती अरेरावी नाही, व्यवहारच तसा आहे. धक्का चालवणाऱ्या कंपनीचा करार समुद्री जहाजकंपनीशी असतो. पेटी उतरवण्याचे पैसे तीच देते. नदीजहाजवाल्याचा धक्क्याशी करारच नसतो. तो ग्राहक नाही, त्यामुळे उशीर झाला तरी त्याला भरपाई मागायला जागा नाही. २०१७ पासून रॉटरडॅम आणि अँटवर्पला ही रांग इतकी वाढली की नदीजहाज कंपन्यांनी प्रत्येक पेटीमागे गर्दीचा अधिभार लावायला सुरुवात केली. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्याने वेळापत्रकं कोलमडली आणि तीन जहाजं एकाच दिवशी धक्क्याला लागू लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या जहाजकंपन्यांनी आपसातल्या युत्या बदलल्या, त्या वर्षी रांगा पुन्हा लांबल्या.

उपाय आहेत आणि ते चालू झालेत. नेक्स्टलॉजिक नावाची सामाईक नियोजनाची पद्धत बंदराने उभी केली, त्यात सगळ्या जहाजांचे नंबर एकत्र बसवले जातात. वेस्ट ब्राबांट भागातल्या नदीबंदरांनी आपापल्या थोड्या थोड्या पेट्या एकत्र करून मोठ्या खेपा करायला सुरुवात केली, म्हणजे एका धक्क्यावर पाचऐवजी पन्नास पेट्या. पन्नास पेट्यांच्या खेपेला पक्की वेळ मिळते. चार शेतकऱ्यांनी मिळून एक ट्रक भरायचा, त्यातलाच प्रकार. पण मूळ करार बदलल्याशिवाय बार्जवाल्याचा दर्जा बदलणार नाही, आणि तो बदलायची घाई ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला नाही.

द्राक्षाशी संबंध किती?

नाशवंत माल म्हणून शीतकंटेनर रॉटरडॅमहून मुख्यतः ट्रकनेच शीतगृहात जातात. म्हणजे कौब आटलं म्हणून नाशिकची द्राक्षं सडली असं होत नाही. शिवाय आपला हंगाम जानेवारी ते एप्रिल, ऱ्हाईन आटते ती बहुतेक ऑगस्ट ते ऑक्टोबर.

संबंध धक्क्याचा आहे. बार्जने जाणाऱ्या पेट्या यार्डात साचल्या की यार्ड भरतं, ट्रकच्याही वेळा घसरतात. शीतपेटी यार्डात पडून राहिली तर विजेच्या जोडणीचं भाडं आणि मुदतीनंतरचा दंड लागतो. माल विक्री करून पैसे देण्याच्या बोलीवर गेला असेल तर हे खर्च बहुतेकदा पट्टीतूनच वजा होतात. पट्टीवर नुसतं बंदर खर्च असं लिहिलेलं असतं, तो कुठं आणि किती दिवसांचा, ते विचारायची सवय आपल्याकडे कमी आहे.

बॅटरी, हायड्रोजन आणि कुटुंबाचं जहाज

भविष्याची बातमी आली की फोटो बॅटरीच्या जहाजाचा असतो. २०२१ मध्ये अल्फेनार नावाचं बार्ज सुरू झालं. हाइनिकेन बिअरच्या पेट्या ते आल्फेन गावातून मूर्डाइक बंदरात नेतं. त्याच्यावर बॅटरीचेच कंटेनर असतात, संपलेला उतरवायचा आणि भरलेला चढवायचा. २०२३ पासून नायकी कंपनीचा माल रॉटरडॅमहून बेल्जियममधल्या मेयरहाउटला हायड्रोजनवरच्या बार्जने जाऊ लागला. दोन्ही चांगली कामं आहेत. पण हे जवळचे, ठरलेले फेरे आहेत. प्रवाहाच्या विरुद्ध, भरलेल्या जहाजाने बाझेलला जायला लागणारी ताकद अशा बॅटरीतून अजून निघत नाही.

नदीकाठच्या देशांनी २०१८ मध्ये ठरवलंय, २०३५ पर्यंत नदीजहाजांचा धूर ३५ टक्के कमी करायचा आणि २०५० पर्यंत जवळपास संपवायचा. अडचण पैशाची. ऱ्हाईनवर १९५२ च्या करारापासून जहाजाच्या डिझेलवर कर नाही. स्वस्त डिझेल सोडून महाग इंजिन कोण बसवेल?

आणि बसवणार कोण, हा खरा मुद्दा. नेदरलँड्सच्या नदीजहाजांपैकी बरीच कुटुंबाच्या मालकीची आहेत. नवरा-बायको जहाजावरच राहतात. मागच्या बाजूला घर, खिडकीला पडदे, छतावर चारचाकी, ती उतरवायला छोटी क्रेन. मुलं शाळेच्या वयाची झाली की काठावरच्या वसतिगृहात. जहाज चाळीस-पन्नास वर्षांचं असणं नवलाचं नाही, कर्ज फिटलेलं असतं म्हणूनच धंदा परवडतो. अशा घराला नवीन इंजिनाचं कर्ज काढ म्हणणं म्हणजे दहा एकरवाल्याला जुना ट्रॅक्टर मोडून बॅटरीचा घे म्हणण्यासारखं आहे. सहाशे टनांच्या आतली लहान जहाजं तर कमीच होत चाललीत. जुना मालक थकला की मुलगा घेत नाही. लहान जहाज गेलं की लहान कालव्यावरच्या गावाचा माल परत ट्रकवर येतो, कारण मोठं जहाज तिथं शिरतच नाही. चालवायला माणसं मिळत नाहीत म्हणून बेल्जियममधल्या सीफार कंपनीने किनाऱ्यावरच्या खोलीत बसून, पडद्यावर बघत जहाज चालवायला सुरुवात केली आहे. कालव्यांवर ते चालतंय.

मालही बदलतोय. रॉटरडॅमहून वर जाणारा मोठा माल पिढ्यानपिढ्या कोळसा आणि खनिज. नेदरलँड्स २०३० पासून कोळशाची वीज बंद करणार, जर्मनी उशिरात उशिरा २०३८ ला. तो माल गेला की त्याची जागा कंटेनर, भंगार, बांधकामाचं साहित्य आणि हायड्रोजनसाठीचा अमोनिया घेईल असा हिशेब आहे. कोळशाला चार दिवस उशीर झाला तरी चालायचं, ढीग पडून असायचा. कंटेनरवाला थांबत नाही, त्याला ट्रक दिसतो. म्हणून ४५ टक्क्यांचं लक्ष्य गाठायचं की नाही हे इंजिन बदलण्याच्या आधी धक्क्यावरच्या नंबरावर ठरणार आहे.

कौबच्या पट्टीचा आकडा जर्मन जलमार्ग खात्याच्या एल्विस या संकेतस्थळावर दररोज असतो, मोबाईलवर उघडतो आणि आकडा वाचायला जर्मन यावं लागत नाही. ७८ च्या खाली गेला की वरच्या ऱ्हाईनवर भाडं चढलेलं असतं. ४० च्या खाली गेला तर जहाजं धक्क्याला बांधलेली दिसू लागतात.